चिखल बसायला दोन दिवस लागतात

ता. ८ जुलै, सोमवार
शेताच्या बांधावरून

माझ्या इंजीनबाईला आजीचे पोटभर आशीर्वाद.

तू खुशाल असशील असं धरून चालते, कारण तू फोन उचलत नाहीस आणि तुझी आई "ती बरी आहे" यापुढे एक अक्षर सांगत नाही. इकडे सगळं ठीक. माझे गुडघे दुखायचे तेवढेच दुखतात. पिवळी कोंबडी दिसेना म्हणून दोन दिवस मी शेजारणीवर डोळा ठेवून होते, तर बाई सापडली तुझ्या रोपांच्या रिकाम्या ट्रेमध्ये, चार अंड्यांवर बसलेली. ट्रेच्या तळाची भोकं पाणी निथळायला असतात असं तू सांगितलं होतंस. कोंबडीच्या मते ती वारा खेळायला आहेत. म्हणजे तुझ्या कंपनीची एक वस्तू तरी इथे कुणाला पसंत पडली. हस की जरा.

आणि हो, तुझा डावा बूट सापडला. चिखलातून ओढून काढला, तीन पाण्यांनी धुतला, कुंपणावर उलटा वाळत घातलाय. एका पायात बूट आणि एक पाय अनवाणी अशी तू गाडीत बसलीस ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. जेवलीसुद्धा नाहीस.

फोनवर मला धड बोलता येत नाही, तुला माहीतच आहे. कानाला लावला की मी ऊन-पावसावर घसरते आणि मुद्दा तसाच राहतो. कागदावर मुद्दा टाळला तर रिकामी जागा दिसते, म्हणून कागद घेतला. दुसरीपर्यंत शिकलेली बाई, अक्षर कसं आलंय ते बघू नकोस, काय आलंय ते बघ. पत्र यंत्रांच्या दुकानातल्या फिटरजवळ देते. तो उद्या पहाटेच्या गाडीने सुटे भाग आणायला शहरात येतोय, तुझ्या हातात देईन म्हणालाय.

आधी आनंदाची गोष्ट सांगते. दुसरी मागाहून.

मी मशीन चालवलं!

होय, तुझं लावणीचं मशीन. मी. सत्तरी उलटलेल्या बाईने. तू म्हणशील म्हातारीला चळ लागला, पण साक्षीला फिटर आहे आणि लावणीच्या टोळीची मुकादमीण आहे, आणि मुकादमीण माझ्या बाजूने खोटं बोलणार नाही, पन्नास वर्षांत बोललेली नाही.

झालं असं. शनिवारी सकाळी फिटर आला. आपल्या उद्याशेठच्या दुकानातला तोच, दोन मुलींचा बाप, कानावर पेन्सिल खोचलेला, तोंडातून शब्द मोजून काढणारा. आणि उद्याशेठला तर तू ओळखतेसच, बाजारात यंत्रांचं दुकान मांडून बसलाय, ट्रॅक्टर मागितला तर आज देतो आणि बाकी काहीही मागितलं तर उद्या. शेठने फिटरला धाडलं होतं की मशीन धुऊनपुसून ठेव, गुरुवारी दुपारी ट्रक येईल, माल परत जाणार. फिटर म्हणाला, "आजी, टाकीत पेट्रोल आहे. काढत बसण्यापेक्षा सुरू करून संपवतो."

मी म्हटलं, "मग गोठ्यात धूर कशाला करतोस बाबा? शेतात ने. आठ ट्रे रोपही पडलंय, तेवढंच लागून जाईल."

खरं सांगते, मला वाटलं होतं ते बुधवारसारखं पुन्हा रुतेल. वाटलं होतं की, रुतावंच असंही वाटलं होतं, ते मी नंतर लिहिते.

रुतलं नाही गं. बुधवारच्याच त्या शेतात, पलीकडच्या अंगाला, ते असं चाललं की शिंप्याने कापडावर टीप घालावी. टक टक टक टक. चार ओळी, एकीला एक सरळ, रोपं आपल्या पायांवर उभी. फिटर त्या टोकाला गेला, थांबला, मागे वळून बघितलं. कानावरची पेन्सिल काढली, परत खोचली. म्हणाला, "आजी, हे तर चालतंय."

मी लुगड्याचा काचा मारला आणि म्हटलं, "दे इकडे."

तो दांडा कुठे दाबायचा, वळताना कुठे उचलायचं, सगळं त्याने सांगितलं. तू बटणांवर आपल्या अक्षरांत कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्यास ना, 'चालू', 'हळू', 'थांब'? त्यातली 'थांब' तेवढी चिखलाने निघाली होती. मी म्हटलं, बरंच झालं, थांबायचं कुणाला आहे. पहिली ओळ माझी वाकडी गेली. दुसरी कमी वाकडी. तिसऱ्या फेरीला मी मागे बघितलं आणि मला रडूच आलं. पन्नास वर्षं लावणीत माझ्या पाठीने आभाळ बघितलंय, तोंडाने कधी बघितलं नव्हतं. लावणी चाललीय आणि मी ताठ उभी, बगळे कुठून कुठे गेले तेसुद्धा दिसतंय! कंबर आहे की नाही याचा पत्ता नाही. बाळा, तू हे केलंस. जिने हे असलं यंत्र आपल्या इकडच्या शेतापर्यंत आणलं ती माझी नात आहे, असं मी त्या बगळ्यांना ओरडून सांगितलं. फिटर हसला. तोही हसतो, हे मला पहिल्यांदा कळलं.

तेवढ्यात बांधावर मुकादमीण उभी. तुझ्या मशीनला बुधवारी सगळ्यांत जास्त हसली होती तीच. एका हातात टोपली, एक हात कमरेवर. माझी अख्खी एक फेरी नीट बघून घेतली. मग म्हणाली, "काय गं, मग बुधवारी काय झालं होतं याला?"

मी म्हटलं, "ऊन फार होतं."

"ऊन," ती म्हणाली. "बरं."

आणि टोपली उचलून निघून गेली. मी मशीन बंद केलं. आनंद होता तो तिथेच निम्मा झाला.

असू दे. बाजाराचं सांगते. काल रविवारी मी सकाळच्या गाडीने बाजारात गेले. म्हटलं शेठलाच सांगावं, ट्रक रद्द कर, मशीन चालतंय. तो यंत्रांचा रस्ता तू बघितलायस. दोन्ही बाजूंना लाल-निळे ट्रॅक्टर लग्नातल्या वऱ्हाडासारखे नटून उभे, मोठमोठी चाकं, नळ्यांचं काळं रबर चमकतंय. दुकानावर ती भली मोठी पाटी, एक गोरीपान बाई ट्रॅक्टरला टेकून हसतेय, पायात उंच टाचा. मला दर वेळी वाटतं, हिला एकदा खाली चिखलात उतरवावं. आत गारगार फरशी, पंखा, खुर्च्या. खुर्च्यांवर सगळे पुरुष. मी उभी. मग शेठने मला बघितलं.

"या आजी, या! मुलासाठी ट्रॅक्टर बघताय का?"

"लावणीचं मशीन."

"ते फेल गेलं, आजी."

"चालतंय ते. मी चालवलं."

खुर्च्यांवर हशा. शेठ हसला नाही, तो धंद्यावर असताना गिऱ्हाइकाला हसत नाही, एवढं मान्य करते. म्हणाला, "आजी, घरातलं कुणी पुरुष माणूस आलंय का बरोबर?"

मला असा संताप आला! मी म्हटलं, "शेठ, लावणी कोण करतं तुमच्याकडे?"

"बायका."

"मग लावणीचं मशीन घ्यायचं की नाही हे पुरुषांना कशाला विचारता? त्यांची कंबर दुखते का?"

"आजी, कंबर दुखते बायकांची, पण खरेदीला येतात पुरुष. पुरुषाला ट्रॅक्टर हवा. ट्रॅक्टर दारात उभा राहिला की चारचौघांत मान वर होते. हे तुमचं मशीन दारात उभं केलं तर लोक विचारतात, ही भली मोठी कोळंबी कुणाची?"

पुन्हा हशा. मी विचारलं, याचा पट्टा तुटला तर मिळेल का? म्हणाला, उद्या. शिकवायला कुणी मिळेल? उद्या. चार बायकांनी मिळून घेतलं तर? वहीत एकच नाव लिहायला जागा आहे म्हणाला. यांच्या वहीत जागा नाही म्हणून आपण जन्मभर वाकायचं! ट्रॅक्टर घेतलेल्यांचं बघ, त्या ट्रॅक्टरला वर्षातून एक महिना काम आणि अकरा महिने त्याच्यावर गोधड्या वाळतात. आणि ज्या कामाला माणूस मिळत नाही त्याचं यंत्र ट्रकात घालून परत. मुकादमिणीच्या टोळीत बावीस बायका होत्या, आता नऊ उरल्यात, आणि त्यांतल्या सहांना दुपारनंतर उठवत नाही. पोरी सगळ्या शिलाईच्या कारखान्यात गेल्या, आणि का जाऊ नयेत? मागच्या साली आपलं रोप वाट बघून बघून म्हातारं झालं. हे मी शेठला सगळं बोलले. आवाज चढवून बोलले.

शेठ शांतपणे म्हणाला, "आजी, तुमचं सगळं बरोबर. पण एक सांगा, बुधवारी पन्नास माणसांसमोर ते का बुडालं? तुमची नात स्वतः म्हणाली की आपल्याकडच्या चिखलात हे चालणार नाही. शुक्रवारी तिचा तसा अहवाल जाणार आहे. आता कंपनीची इंजिनीयर म्हणते चालणार नाही, तुम्ही म्हणता चालतं. मी कुणाचं ऐकू?"

दुकानातली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती.

आणि मी म्हटलं, "ऊन फार होतं."

तिथेही! इतकं भांडून, इतकं तोंड वाजवून, तेवढ्या एका वाक्याला माझी जीभ पुन्हा टाळ्याला चिकटली. मी तशीच उन्हात बाहेर आले आणि गाडीच्या थांब्यावर बसून राहिले. शेठवर चिडले होते, पाटीवरच्या त्या बाईवर चिडले होते, आणि खरं तर कुणावर चिडायचं ते मला पक्कं ठाऊक होतं.

घरी आले तर मुकादमीण दारात बसलेली. म्हणाली, "बाजारात सांगितलंस?"

"काय सांगायचं?"

"बुधवारी दिवस उगवताना तुझ्या शेतात ट्रॅक्टर फिरत होता. मी शेळी बांधत होते. मी ऐकला."

बस. आता लिहिते. मघापासून तीन वेळा इथवर आले आणि तीन वेळा वळले.

तू फोनवर मला नीट समजावून सांगितलं होतंस. शेतात पाणी भरून ट्रॅक्टरने चिखलणी सोमवारी करायची. मग दोन दिवस शेताला कुणी हात लावायचा नाही. चिखल बसला पाहिजे, पाणी निवळलं पाहिजे, तरच चाकं तोलतात आणि रोप उभं राहतं. मी तुझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. सोमवारी चिखलणी केली, अगदी सांगितल्यासारखी.

बुधवारी सकाळी मी शेत बघायला गेले. बाळा, ते कसं दिसत होतं म्हणून सांगू. वर साय धरलेली, काड्या तरंगलेल्या, कुणाचं तरी कुत्रं आरपार पळून गेलेलं, त्याचे पाय या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुझे साहेब येणार, पन्नास माणसं येणार, आणि माझ्या नातीच्या कामाला असं पारोसं शेत? पाहुणे यायचे म्हटल्यावर आपण चादर बदलत नाही का? हाताने सुरकुती काढत नाही का? मला तेवढंच दिसलं. ट्रॅक्टरवाल्याला हाक मारली. तो म्हणाला, "आजी, ताईंनी हात लावू नका म्हटलंय ना?" मी म्हटलं, "ताई माझी नात आहे. तू फिरव." दोन फेऱ्यांत शेत आरशासारखं. मी खूश. काय सुंदर दिसत होतं!

म्हणजे मशीन आलं तेव्हा चिखल ताकासारखा पातळ होता. मी केला होता.

पण हे झालं अडाणीपण. अडाणीपणाची मला तेवढी लाज नाही. पुढचं ऐक.

तू आलीस. साहेब खुर्चीत बसले. तू बांधावरून खाली वाकलीस आणि बोटाने चिखलात एक रेघ ओढलीस. रेघ ओढताक्षणी मिटली. तू परत ओढलीस, परत मिटली. मग मान वर करून मला विचारलंस, "आजी, चिखलणी कधी झाली?"

मी म्हटलं, "सोमवारी. तू सांगितलंस तशी."

खोटं नव्हतं ते. सोमवारी झाली होतीच. बुधवारचं तेवढं मी गिळलं. पन्नास माणसं बघत होती, साहेब बघत होते, मला वाटलं आता सांगितलं तर म्हणतील, हिच्या आजीलाच कळत नाही. तुझ्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. तू त्या रेघेकडे एकदा बघितलंस, माझ्याकडे एकदा बघितलंस, आणि उठून म्हणालीस, "चला, सुरू करू."

बाळा, तुझं बोट तुला खरं सांगत होतं. तू बोटाचं ऐकलं नाहीस, माझं ऐकलंस.

दहा पावलांत ते रुतलं. चिखल लाटेसारखा पुढे गेला, लावलेली रोपं पोहायला लागली, आणि कुणीतरी ओरडलं, "बाई, होडी आणायची होती!" तू गुडघाभर चिखलात उतरून ते ढकलत होतीस आणि मी बांधावर हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. तू बूट सोडून गेलीस तरी मी ते बोलले नाही. म्हणून शनिवारी मला वाटत होतं की मशीन पुन्हा रुतावं. रुतलं असतं तर दोष मशीनचा ठरला असता. तुझ्या कामाचं वाईट व्हावं असं तुझ्या आजीच्या मनात येऊन गेलं. हे लिहिताना पेन थांबलं होतं, पण लिहिलं.

मुकादमिणीला काल सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ही गावभर करणार. तर ती म्हणाली, "मला ट्रॅक्टर ऐकू आला होता, तरी मीही बोलले नाही. म्हटलं बुडतंय तर बुडू दे, माझ्या बायकांचं काम वाचेल." मग म्हणते, "पण तुला शनिवारी ताठ चालताना बघितलं. काय मेली ऐट होती तुझी! मला शिकव." मी म्हटलं, "आधी सांग, हसलीस का होतीस एवढी?" म्हणाली, "तू तांब्या घेऊन अशी उभी होतीस की जसं मशीनलाच पाणी पाजणार आहेस." आम्ही दोघी बराच वेळ हसलो.

तर आता काय ते ऐक. शुक्रवारी जाणार आहे त्या अहवालात चिखलाला नावं ठेवू नकोस, आणि मशीनलाही नको. हे पत्र त्याला जोड. साहेबांना वाचून दाखव, बुटाचं वगळलंस तरी चालेल, बाकी काही वगळू नकोस. ते म्हणतील, एका म्हातारीच्या शब्दावर कसा विश्वास ठेवायचा? तर ठेवू नका म्हणावं. ठेवला होता एकदा, काय झालं ते बघितलंच. येऊन बघा म्हणावं.

अर्धं शेत अजून मोकळं आहे. आज सकाळी त्याची चिखलणी केली, एकदाच. रोप जरा उंच झालंय, फिटरने शेंडे कातरून दिलेत. चार ट्रे पुरतील. गुरुवारी सकाळी या, ट्रक दुपारी येणार आहे. मुकादमीण नऊच्या नऊ बायका घेऊन येतेय, या वेळी खुर्च्यांवर त्या बसणार. शेठलाही निरोप धाडलाय. फिटर म्हणतो, शेठ 'उद्या' म्हणाला नाही, 'बघू' म्हणाला. त्याच्यापुढे मी तोंडाने सगळं सांगणार आहे, त्याच पन्नास माणसांपुढे म्हटलं तरी सांगेन. माझ्या आधी ट्रॅक्टरवाल्याला कुणी बोल लावला तर मात्र खबरदार, त्याने मला अडवलं होतं.

तोवर मी इथे बांधावरून हलत नाही. दिवसभर मी, अंधार पडला की कुणी आलं तर ओरडणारी मुकादमिणीची शेळी आणि कुंपण. आत्ता लिहिता लिहिता साय धरायला लागलीय. तीन काड्या आणि एक पीस तरंगतंय, अगदी मधोमध, आणि माझा हात इतका शिवशिवतोय म्हणून सांगू! पण नाही. कुत्र्यापासून राखतेय, बदकांपासून राखतेय, आणि सगळ्यांत जास्त माझ्यापासून.

तू आलीस की बूट घाल. बांधावरून वाक. रेघ तुझ्या बोटाने ओढ आणि ती किती हळू मिटते ते बघ. मी मागून काहीही म्हणत असले तरी माझ्याकडे बघू नकोस.

खाली अंगठा नाही, सही केली आहे, साहेबांना दाखवायला लागेल म्हणून.

चिखलाला हात न लावता बसलेली,
तुझी आजी